मागचं डावं चाक

“काका, फिर्याद द्यायच्या आधी एवढं बघा,” सोमेशनं उंबऱ्याबाहेरूनच मोबाइल पुढं केला.

रामकिशननं हात लावला नाही. “काय बघू? चाकं कसायचं काम तुझं. तूच ढिलं सोडलंस. माझ्या लेकीचा पाय गेला.”

आत तनुजा भिंतीला टेकून बसली होती. अहमदपूरच्या या गॅरेजात, बापाच्या हाताखाली जुन्या जीपवर हात बसलेली पोर. शर्यतीची गाडी चालवणारी या भागातली पहिली बाई. नऊ वर्षांत चार करंडक. यंदा एका कंपनीनं तिला पगारावर घेतलं होतं. पहिल्याच शर्यतीत पाचव्या फेरीला मागचं डावं चाक निखळलं आणि गाडी भिंतीवर गेली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

“बाबा, सोमेशदादा असं करणार न्हाई.”

“तू गप ऱ्हा.”

सिंधु लेकीला वरणभात भरवत होती. मागल्या साली शर्यतीत तनुजाच्या पुढं असलेला ड्रायव्हर गाडीतच जळून मेला. तेव्हापासून लेक शर्यतीवर गेली की सिंधुच्या घशाखाली घास उतरत नसे. आता ती दोन्ही वेळ जेवायची.

“जाऊ द्या की ओ,” ती म्हणाली. “लेक जित्ती हाय, घरात हाय. आजून काय पायजे?”

“नट आपोआप ढिले होत न्हाईत, सिंधु. तीस वर्षं माझ्या हातात पाने देत आलीस, तुला सांगाया पायजे का?”

“काका, मला कुठंच कामाला घेईनात,” सोमेश म्हणाला. “एकदा बघा. मग घाला जेलात.”

रामकिशननं मोबाइल हिसकावून घेतला.

शर्यतीच्या दिवशी, गाडी निघायच्या आधी केलेलं चित्रण होतं. सोमेश मागच्या डाव्या चाकाशी वाकलेला. पाना चार वेळा कट्‌ कट्‌ वाजला. चारही नट कसलेले. मग सिंधु पदराखाली ताट घेऊन आली, तसे सगळे लांब सरकले. ती चारी चाकांना कुंकू लावीपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही, ही घरची रीत होती. मागच्या डाव्या चाकापाशी ती मोबाइलकडं पाठ करून जरा जास्तच वेळ बसली. गुडघे दुखायचे तिचे.

मग गाडी निघाली. मोबाइलसमोरून डावी बाजू सरकली. पुढच्या चाकावर कुंकवाचा लाल ठिपका होता.

रामकिशननं चित्र थांबवलं, मागं नेलं, पुन्हा पाहिलं.

मागचं चाक कोरं होतं.

नऊ वर्षांत तिनं एकही चाक कधी चुकवलं नव्हतं.

त्यानं मान वर केली. सिंधुच्या हातातला घास तसाच राहिला होता.

“मला वाटलं,” ती म्हणाली, “गाडी पहिल्याच फेरीला थांबंल.”