दोन तलंगा

सुभेदार निकमांनी खोलीत डोकावलं. खाट रिकामी, पांघरुणाची घडी चौकोनी, आणि हवालदार बाबरचा कुठंच पत्ता नव्हता.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या रोपवाटिकेत निकम बेघर झालेल्या माजी सैनिकांना काम आणि छप्पर देत. बाबरला त्यांनी गेल्या थंडीत एसटी स्टँडच्या बाकावरून उठवून आणलं होतं. गडी रोपांना लेकरासारखा जपायचा, पण कोपऱ्यावर चहाला जायचं म्हटलं तरी दारात ताठ उभा राहायचा. "साहेब, बाहेर जायची परवानगी?"

"अरे, ही पलटण नाही, घर आहे," निकम वैतागायचे.

आज मात्र तो न विचारताच गेला होता.

"परत स्टँडावर गेलं असतील भाऊजी," निकमकाकू पुटपुटल्या, तरी त्याच्या वाटणीची भाकरी त्यांनी झाकून ठेवली. निकम फाटकाशी येरझाऱ्या घालू लागले.

ऊन चांगलं तापल्यावर बाबर चढण चढून आला. हातातल्या टोपलीत दोन तलंगा होत्या, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, सारखी कुरकुर करणाऱ्या.

"न सांगता गेलास?" निकमांनी फाटकाआडूनच विचारलं.

"आज बाजार होता, साहेब. घरातनं बाजाराला जायला कुणाला विचारायचं?"

निकमांनी फाटक सताड उघडलं. काकूंनी टोपलीत हात घालून एकीची मान कुरवाळली. "लई लहान दिसत्यात, भाऊजी. अंडी द्यायला दिवाळी उजाडंल."

"उजाडू दे की," खुराड्यासाठी सावली शोधत बाबर म्हणाला, "मी कुठं चाललोय?"