वकीलसाहेबांचा घसा

"अजून हातसुद्धा लावला नाही, आणि दाखल करा म्हणतोय," लेक बाबांच्या कानाशी पुटपुटली.

दवाखाना चकचकीत होता. कुत्र्यांना वेगळी खोली, मांजरांना वेगळी. पाखरांना कुठलीच नव्हती. टेबलावरच्या पिंजऱ्यात पोपट पिसं फुगवून बसला होता. चोच उघडी, आणि प्रत्येक श्वासाबरोबर शेपूट खालीवर होत होतं. डॉक्टरांनी लांबूनच नजर टाकली आणि रक्त, छातीचा फोटो, भूल देऊन तपासणी असं सगळं एका दमात सांगून टाकलं. खर्च मात्र बाहेरच्या काउंटरवर कळला.

"एवढ्यात माझ्या बसचं इंजिन नवं झालं असतं," बाबा म्हणाले. सारी हयात त्यांनी बस चालवण्यात घालवली होती. "चल घरी. वय झालंय त्याचं."

लेकीने पिंजरा उचलला.

पोपट आईचा होता. उलट उत्तरं देतो म्हणून आईनेच त्याचं नाव 'वकील' ठेवलं होतं. आणि वकील बोलायचा तो हुबेहूब आईच्या आवाजात. "अहो, चहा गार होतोय!" म्हणून ओरडायचा. दार वाजलं की विचारायचा, "आलीस का गं?" आई गेल्यावर पहिले काही महिने लेक तेवढं ऐकायलाच माहेरी जायची.

मग पिंजऱ्यावर कापड दिसू लागलं.

"झोपलाय," बाबा सांगायचे. "हल्ली उजेड सोसत नाही त्याला."

परवा तिने न विचारताच कापड ओढलं, तेव्हा वकिलाची ही दशा दिसली.

"बोलत नाही का हा?"

"नाही. बरेच दिवस झाले," बाबा म्हणाले. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढता काढता लेकीला चेहरे निरखायची सवय लागली होती. बाबांच्या चेहऱ्यावर तिला सुटल्यासारखं काहीतरी दिसलं, आणि ते तिला खुपलं.

आई गेली तेव्हाही हे असेच. भेटायला येणाऱ्यांना स्वतः चहा करून पाजत होते, बसमधले किस्से सांगून हसवत होते. डोळ्यात टिपूस नाही. "दगडाचं काळीज गं बाई," असं मावशी म्हणाली, तेव्हा लेक तिच्याशी कडाकडा भांडली होती. आता वाटत होतं, मावशी काही खोटं बोलली नव्हती.

दुकानात चष्मा करायला आलेल्या एका कबुतरवाल्याने तिला दुसरा पत्ता दिला. "पाटी बघून जाऊ नका, ताई. आधी विचारा, तुमच्याकडे पाखरं येतात का. कुत्र्याचा डॉक्टर पाखराला औषध देईल हो, पण अंदाजपंचे."

ही डॉक्टर गावाच्या दुसऱ्या टोकाला, एकाच खोलीत बसायची. तिने आधी वकिलाचं वजन केलं, मग पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसून त्याचा श्वास नुसता बघत राहिली. मग त्याला अलगद रुमालात घेऊन छातीला कान लावला.

"आवाज फुटतो तिथे बुरशी धरली असावी," ती म्हणाली. "सगळ्या तपासण्या आजच नकोत. औषध महाग आहे आणि बरेच आठवडे लागेल, तेव्हा पैसे त्याला राखून ठेवा. रोज दोन वेळा वाफ द्यायची. उतार पडला नाही तर फोटो काढू."

"श्वास सुधारेल ना?" बाबांनी विचारलं.

"बहुतेक."

"मग झालं तर. आवाज आलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

लेकीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाबा खिडकीबाहेर बघायला लागले.

"वकिलाला मी माझ्या घरी नेतेय," बाहेर आल्यावर ती म्हणाली.

"कशाला? तुझं दुकान, मुलांच्या परीक्षा. मी देतो ना वाफ."

"तुम्ही? वर कापड टाकून?"

बाबांनी पिंजऱ्याची कडी घट्ट धरली होती. ती त्यांनी हळूहळू सोडली. "दाणे भिजवून दे त्याला," एवढंच म्हणाले.

कपडे धुण्याचं यंत्र घ्यायचं ठरलं होतं, ते राहिलं. "हाताने धुऊ," नवरा म्हणाला. "सासूबाईंचा आवाज काही दुकानात मिळत नाही." रोज सकाळ-संध्याकाळ लेक पिंजरा चादरीने झाकून औषधाची वाफ सोडायची. बाबांचा रोज फोन यायचा. "खातोय का?" विचारायचे. आणि मग, "बोलला का काही?"

"नाही."

"बरं, बरं," बाबा म्हणायचे, आणि एखादा विनोद सांगून फोन ठेवायचे. तिला हसू यायचं नाही.

हळूहळू शेपटाची धाप थांबली. पिसं अंगाला बसली. वकील दाणे मागायला चोच आपटू लागला. "आता कधीही बोलेल," डॉक्टर म्हणाली.

एका दुपारी लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. पिंजऱ्यातून खरखर ऐकू आली. वकिलाने मान ताठ केली, गळा फुगवला. हातातला टॉवेल टाकून ती पिंजऱ्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"बोल रे राजा," ती म्हणाली.

आवाज आला, पण तो आईचा नव्हता. आधी नाक ओढल्याचा, मग दाबून धरलेला आणि तरीही फुटलेला एक हुंदका. आणि त्यामागून बाबांचा आवाज, तिने जन्मात कधी ऐकला नव्हता असा:

"बोल ना गं. एकदा तरी बोल."