परत कधी द्यायच्या?

“एक नाव सांगा,” सेनेटर गॉर्डन मॅक्रे म्हणाला. “तुमच्या दुकानात कुणी आपणहून बंदूक ठेवून गेलंय, असं एक तरी नाव.”

साक्षीच्या खुर्चीत बंदुकांचा दुकानदार लॉइड हेगन बसला होता. अमेरिकेतल्या मोन्टॅना राज्याच्या विधिमंडळातली समितीची खोली गच्च भरली होती.

“नावं सांगायची नसतात, साहेब. लोक विश्वासानं ठेवतात.”

“म्हणजे नाव नाही. आणि पैसे मात्र जनतेनं द्यायचे.”

खोलीत हशा पिकला. समितीचा अध्यक्षच असं बोलल्यावर बाकीच्यांना काय, आयतंच फावलं.

सकाळपासून हेच चाललं होतं आणि लॉइडचं डोकं भणभणलं होतं. विद्यापीठाच्या डॉ. प्रिसिला ओट्सचं मागणं साधं होतं. वाईट दिवसांत हातून भलतंसलतं होऊ नये म्हणून माणसं आपल्या बंदुका दुकानदाराकडे ठेवून जातात. मन थाऱ्यावर आलं की परत मागतात. पण ते खरंच थाऱ्यावर आलंय, हे दुकानदारानं ओळखायचं कसं? याचा धड अभ्यास कुणी केलेला नाही. सरकारनं खर्च द्यावा, आम्ही करतो, असं त्यांचं म्हणणं. पण बंदूक आणि अभ्यास हे शब्द एका वाक्यात आले की इथे शहाणीसुरती माणसंसुद्धा बिथरतात. एकजण म्हणाला, आज अभ्यास कराल, उद्या बंदुका उचलायला दारात पोलीस पाठवाल. दुसऱ्यानं विचारलं, मोटारीनंही माणसं मरतात, मग मोटारींचा अभ्यास का नाही करत? डॉक्टरबाई म्हणाल्या, “तो केव्हाच झालाय. म्हणून तर तुमच्या गाडीत सीटला पट्टा आहे.” तो गृहस्थ फोनमध्ये काहीतरी शोधायला लागला.

लॉइडचा बाप बंदुका विकायचा, लॉइडही विकतो. तरी मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलंच, “लॉइड, तू नक्की कुणाच्या बाजूचा रे?”

“गिऱ्हाइकाच्या,” तो मान न वळवता म्हणाला. “मेलेलं गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येत नाही.”

यावर मात्र कुणी हसलं नाही. गॉर्डननं पुन्हा विचारलं, “मग नाव नाहीच?”

नाव होतं. जिभेवर होतं. गेल्या हिवाळ्यात, आपला धाकटा भाऊ वारल्यानंतर, हाच गॉर्डन मॅक्रे दुकान उघडायच्या आधीच दारात येऊन उभा होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. घोड्याच्या घोंगडीत गुंडाळलेल्या तीन रायफली त्यानं काउंटरवर ठेवल्या होत्या. “काही दिवस राहू दे. माझ्या बायकोलाही बोलू नकोस,” एवढंच सांगितलं आणि गेला. त्या रायफली अजून दुकानाच्या मागच्या खोलीत होत्या. आणि आता हा बाबा चांगला इस्त्रीचा कोट घालून, डोळ्याला डोळा भिडवून नाव विचारत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. लॉइड एक शब्द बोलला असता तर तो हशा तिथेच थिजला असता. पण मग त्याच्याकडे पुन्हा कुणीही, कधीही बंदूक ठेवायला आलं नसतं.

“नाही, साहेब,” लॉइड म्हणाला.

मतं समसमान पडली. अध्यक्ष म्हणून गॉर्डननं आपलं मत विरोधात टाकलं आणि विषय संपला. डॉ. ओट्सनी कागद गोळा केले. त्यांना याची सवय झालेली दिसत होती, आणि लॉइडला त्याचाच जास्त संताप आला.

“आता पुढचं अधिवेशन,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे दोन वर्षांनी. तोवर मी काय करू?”

बाईंनी पिशवीची चेन लावली.

बाहेर वाहनतळावर लॉइड गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता, तेव्हा गॉर्डन एकटाच चालत आला. दोघे शाळेपासूनचे. इथे साहेब वगैरे काही नव्हतं.

“लाज नाही वाटली तुला?” लॉइड म्हणाला.

“अभ्यासाला हो म्हटलं असतं तर पुढच्या निवडणुकीत लोकांनी घरी बसवलं असतं मला.”

“ते मरू दे. नाव कशाला विचारलंस?”

“तू सांगणार नाहीस, हे माहीत होतं.” गॉर्डननं हात खिशात घातले. “उद्या येतो. रायफली घेऊन जातो. बरा आहे मी आता.”

लॉइडनं खरवडणं थांबवलं.

“वॉल्ट नीमायरही असंच म्हणाला होता. दुकानात उभा राहून विनोद सांगत होता. मी परत दिली त्याची बंदूक. त्याच आठवड्यात त्याला पुरला आपण. तू पण होतास खांदा द्यायला.”

वॉल्टनं बंदूक कुठून आणली होती, हे गॉर्डनला आज कळत होतं.

“मग माझं कसं ठरवणार तू?” त्यानं विचारलं.

“अरे, तेच विचारायला आलो होतो ना मी! दिवसभर दुसरं काय विचारत होतो? त्यात तूच खोडा घातलास. आता उद्या येशील, तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघणार. दुसरं आहे काय माझ्याकडे?”

गॉर्डननं हॅट काढली आणि तो लॉइडच्या अगदी समोर येऊन उभा राहिला.

“आत्ताच बघ,” तो म्हणाला. “आणि काय दिसतं ते मलाही सांग.”