किल्ल्यातला डावा जिना

"जिन्याचं पान गाळता आलं तर बघा. एवढंच मागायला आले होते," ती म्हणाली.

निवृत्त इंजिनिअरसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. टेबलभर हाताने लिहिलेली पानं पसरली होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पन्नास वर्षं होत होती आणि त्याचा इतिहास लिहिण्याचं काम साहेबांकडे आलं होतं. चार बुरूज, कंगोऱ्यांचा तट. सगळे त्या इमारतीला किल्लाच म्हणत.

"किल्ल्याचं खूळ कुलगुरूंचं," साहेब म्हणाले. "मी विचारलं होतं, पुस्तकांवर हल्ला करणार कोण?"

"परीक्षेच्या आदल्या आठवड्यात होतो की."

"बापाची जीभ घेतलीस." साहेब हसले.

तिचे बाबा त्या बांधकामावर मुख्य पाथरवट होते. त्यांना जाऊन महिनाच झाला होता. बुरुजातला चक्री जिना त्यांनी घडवला. पत्र्याच्या साच्यावरून एकेक पायरी. नकाशात जिना उजवीकडे वळत होता, प्रत्यक्षात डावीकडे वळला. चूक ध्यानात आली तेव्हा चौसष्टच्या चौसष्ट दगड घडवून झाले होते. चौकशी बसली. 'साचा माझ्याकडून उलटा ठेवला गेला,' असं बाबांनी सांगून टाकलं. त्यांना काढायचंच ठरलं होतं. तेव्हा नुकतेच लागलेले हे साहेब मध्ये पडले.

"तुमच्याबद्दल घरात वाकडा शब्द चालत नसे," ती म्हणाली. "मला पदवी मिळाली तेव्हा म्हणाले, 'आईला मागून सांग, आधी साहेबांना सांगून ये. त्यांनी ठेवून घेतलं म्हणून तू शिकलीस.'"

"असं म्हणाला?"

"प्रत्येक निकालाला हेच. मीही ते विसरलेले नाही, साहेब. पण आता उत्तर द्यायला ते नाहीत. त्यांचं नाव चुकीसोबतच छापून राहावं, हे मला सोसणार नाही."

साहेबांनी कपाळावरचा चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

"पान गाळणार नाही मी, पोरी."

तिने पर्स उचलली. "तुमचे उपकार फार आहेत. हट्ट नाही धरत."

"बस. वाचून जा."

त्यांनी एक पान पुढे सरकवलं. अक्षर थरथरत होतं, खाडाखोड मात्र कुठेच नव्हती. तिने वाचलं:

'पाथरवटाने साचा बरोबर ठेवला होता. तो उलटा आखला मी. हे त्याला चौकशीच्या आधीच कळलं होतं. साहेब, तुमची नोकरी नवी आहे, एवढंच तो म्हणाला, आणि चौकशीत मी त्याला खोटं बोलू दिलं.'