मधली खुर्ची

फोटो निघून तर गेला नाही ना, या धास्तीने आजोबा बागेतला चढ जवळजवळ पळतच चढले. सकाळपासून एकच ध्यास होता, आजच्या फोटोत आपण असलोच पाहिजे. त्या नादात दाढी दोनदा झाली, कोटाला इस्त्री झाली आणि निघायलाच उशीर झाला.

पण फोटो अजून निघाला नव्हता. टेकाडावरचं झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पिवळंधमक झालं होतं. त्याखाली लग्न ठरलेली जोडी आणि दोन्हीकडची मंडळी उभी राहत होती, जागा बदलत होती, पुन्हा उभी राहत होती. सगळ्यांना नीट लावता लावता फोटोवालीचा घसा बसला होता.

"पाच मिनिटं उरलीत हां. ऊन त्या इमारतीमागे गेलं की संपलं सगळं."

आजोबा कडेला घुटमळले. जो तो आपली जागा धरून बसलेला. आता शिरायचं कुठे?

मुलाच्या आईचं लक्ष गेलं. "अगंबाई, आजोबा मागे काय उभे? या, या. मधली खुर्ची द्या रे त्यांना."

"राहू दे, मी आपला कडेला..."

"कडेला कसे? मोठ्या माणसाला कडेला ठेवलं, तर काय म्हणतील सगळे?"

मुलीच्या वडिलांनी लगबगीने खुर्ची पुढे ओढली, रुमालाने पुसलीसुद्धा. "बसा, बाबा. येताना त्रास नाही ना झाला?"

"छे, जवळच तर राहतो."

मुलीच्या काकाला चेव आला. "जावईबापू, सांभाळा हो. हा कोट बघून लोक यांनाच नवरा समजायचे."

"माझी काही हरकत नाही," आजोबा म्हणाले, "पण एकदा मुलीला विचारून घ्या."

मंडळी खो खो हसली आणि नेमका तेव्हाच वारा सुटला. डोक्यांवर, मांड्यांवर, पदरांवर पिवळ्या पानांचा सडा. फोटोवाली गवतात गुडघ्यांवर बसली. "कुणी हलू नका. केस नीट करू नका. हसा, असेच हसत राहा."

खटाखट फोटो निघत होते. आजोबांच्या टोपीवरचं पान काढायला मुलगी वाकली, तेही फोटोवालीने टिपलं. आजोबांच्या एका खांद्यावर मुलीचा हात होता, दुसऱ्यावर जावयाचा. इमारतीची सावली येऊन बुंध्याला टेकली, तेव्हाच फोटोवाली उठली.

"एक तर असा आलाय ना," तिने कॅमेरा आजोबांपुढे धरला. इवल्याशा पडद्यावर सगळी मंडळी हसत होती आणि बरोब्बर मधोमध आजोबा.

"तुझ्या फोटोच्या दुकानाच्या काचेत लावशील हा?"

"हाच लावणार. वर्षभर हलवायची नाही मी."

आजोबांना काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, "सुखात राहा गं" म्हणाले आणि झपाझप उतार उतरू लागले.

मुलाच्या आईने ते पाहिलं आणि ती मुलीच्या वडिलांकडे वळली. "अहो, तुमचे वडील पायीच निघाले की. गाडीत बसवा ना त्यांना."

मुलीच्या वडिलांनी चमकून वर पाहिलं. "माझे कुठले? ते तुमच्याकडचे ना?"