हसता माणूस

निंबा पुन्हा बुचासारखा वर आला. छातीपर्यंत पाण्याबाहेर उसळला आणि पाठीवरच्या टाकीसकट धप्पकन आडवा पडला.

तराफ्यावर बसलेल्या गिरधर आबांनी टोपी काढून गुडघ्यावर आपटली. "मघाशी तळाशी जाऊन गाळात बसलास, आता आभाळात निघालास. आरे, मधमा कोठे थांबशी का नही तू?"

पारोळ्याजवळच्या त्या धरणावर निंबा पाटकरी होता. कालव्याला पाणी सोडायचं, बंद करायचं, शेतकऱ्यांची भांडणं मिटवायची. त्या वर्षी वरून हुकूम आला, की दरवाजे पाण्याखालून तपासायला दरवेळी मुंबईची माणसं कशाला, आपलाच एक पाणबुड्या तयार करा. नरडाण्याचे गिरधर आबा नौदलातून निवृत्त होऊन घरी बसले होते, सारी नोकरी समुद्राखाली काढलेला माणूस. त्यांना शिकवायला आणलं. निंबाने आपणहून नाव दिलं. भडगावला गिरणेच्या डोहात त्याच्याइतका वेळ बुडी मारून राहणारा दुसरा कोणी झाला नव्हता.

आणि तेच नडत होतं. डोहात श्वास कोंडून धरेल तो जिंकतो. इथे टाकीतली हवा नळीने तोंडात येत होती. ती सारखी घ्यायची, सारखी सोडायची. छाती भरली की माणूस थोडा वर, रिकामी झाली की थोडा खाली. सगळी कला तेवढीच. आबांनी ते नाना परींनी सांगितलं होतं. श्वास धरून वर आलास तर छाती फुटेल, असा दमही भरला होता. पण डोकं पाण्याखाली गेलं की निंबाच्या छातीला जुन्या सवयीने कुलूप लागायचं. तो वर उसळायला लागायचा. मग घाबरून अंगातल्या फुगवायच्या जाकिटातली सगळी हवा सोडायचा आणि दगडासारखा तळ गाठायचा. गाळ उठला की दरवाजा राहिला बाजूला, स्वतःचा हातसुद्धा दिसेनासा व्हायचा.

उद्या साहेब बघायला येणार होते. पाण्यात सोडलेल्या दोरीला मधोमध एक गाठ होती. तिच्यासमोर, दोरीला हात न लावता, निंबाने स्थिर राहून दाखवायचं. नाहीतर पुन्हा पाटावर.

तो दम खात होता, तेवढ्यात त्याला भिंतीच्या पायऱ्यांवर हिरवं पातळ दिसलं. प्रमिला, त्याची बायको. हातात पिशवी, पारोळ्याच्या गाडीतून उतरून घरी न जाता थेट इकडे आलेली.

निंबाने नाव दिलं त्या दिवसापासून ती धरणाकडे फिरकली नव्हती. "पान्यातला धंदा नको," एवढंच म्हणाली होती आणि दोन दिवस जेवली नव्हती. लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी घरात दोघंच. काळजी करायला तिला तो एकटाच होता. आज ती त्याला न्यायलाच आली असणार.

त्याने घाईघाईने नळी तोंडात धरली आणि खाली गेला.

या खेपेला तर कहरच झाला. छाती फुगली, पाय वर गेले, डोकं खाली. पाण्यावर आधी त्याचे दोन रबरी पंजे निघाले, बदकाच्या पायांसारखे फडफडले आणि मग बाकीचा निंबा वर आला. डोळ्यांवरची काच पुसत त्याने भीतभीतच पायऱ्यांकडे पाहिलं. तिने डोळ्यांना पदर लावला असेल.

पदर तोंडाला होता. प्रमिला हसत होती. आधी दाबून हसत होती, मग पदर सुटला आणि ती पायरीवर बसूनच हसायला लागली. इतकं मोकळं हसताना त्याने तिला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच पाहिलं होतं. ते बघून निंबालाही राहवेना. पाण्यात तरंगत तोही खो खो हसू लागला.

आबा एकदम सरसावून बसले. "असाच जाय खाले! हासत हासत जाय. हासता माणूस श्वास धरत नही!"

निंबा गेला. हसू थांबेना. काचेत पाणी शिरलं, कानाशी बुडबुडे खदखदत राहिले. छाती आपसूक भरत होती, आपसूक रिती होत होती. हसू ओसरलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की गाठ नाकासमोर आहे आणि ती हलत नाहीये. श्वास घेतला, गाठ बोटभर खाली गेली. सोडला, पुन्हा समोर आली. खालचा गाळ जागचा हलला नव्हता. हिरव्या उजेडात दरवाज्याचा एकेक बोल्ट मोजता येत होता. एक मरळ आली, काचेपाशी थांबली, त्याच्याकडे बघून निवांत निघून गेली. आपल्याला वजनच नाही, असं त्याला वाटलं. वर यावंसंच वाटेना.

तो हळूच, एका रेषेत वर आला. आबांनी टोपी पाण्यात फेकून दिली होती.

टाकी उतरवून निंबा पायऱ्यांशी आला. प्रमिलाचे डोळे आता भरले होते. त्याने दम घेत विचारलं, "माले घर लेवाले उनी ना तू?"

तिने मान हलवली. "लेवाले नही. सांगाले. डॉक्टरीणबाईकडे गेले होते आज."

निंबाचा चेहरा उतरला. तिने आबांकडे एकदा पाहिलं, ते टोपी शोधत होते. मग तिने निंबाचा गार, ओला हात ओढून आपल्या पोटावर धरला आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"तुम्ही आज शिकनात. आपलं बाळ ते तीन महिनापासून पानीमा तरंगी ऱ्हायनं."