दुसरी बादली

शेजाऱ्याची सगळी डुकरं तापाच्या साथीत गेली, त्या सकाळी सासूबाई बादली आणि जावई घेऊन स्वतःच्या शेडच्या दाराशी आल्या. मागच्या साथीत त्यांनी खाण्याची बादली वाजवली, तेव्हा आत एकही डुक्कर उठलं नव्हतं. नंतरची पिल्लं जावयाने प्रयोगशाळेतून आणली. त्यांची जनुकं बदलून म्हणे विषाणूचं शिरायचं दारच काढून टाकलं होतं. "साधं न्हाणीघराचं दार बसवता आलं नाही तुम्हाला, जावईबापू." "काढायचा अनुभव आहे, आई. बसवायचा नाही." सासूबाईंनी डोळे मिटून बादली वाजवली. दार ढकलून अख्खा कळप जावयाला आडवं करत बादलीवर तुटून पडला. "सगळी उठली?" चिखलातून जावयाने विचारलं. सासूबाईंनी बाहीने आधी त्याचा चष्मा पुसला, मग स्वतःचे डोळे. मुलीलाही कधी न दिलेली बादली त्यांनी त्याच्यापुढे धरली. "उठली. दुसरी बादली तुमच्या हातची."